झटका घोंगड्याचा होता

महादू,

बोलणं अर्ध्यात टाकून उठायची तुझी खोड शेवटपर्यंत गेली नाही. साताऱ्याला शाळेत असताना आपल्या दोघांत एकच पाटी होती. तू तुझं गणित अर्धं सोडून पळायचास आणि उरलेलं मी पुरं करायचे. चौथी झाल्यावर माझी शाळा सुटली, तुझी पुढे चालली, पण खोड तीच राहिली. आता तर असा उठलास की मागून हाक मारून "पुढचं बोल" म्हणायचीही सोय नाही. दोन दिवसांच्या तापात माणूस जातो हे मला कोणी शिकवायला नको. पुष्कळ माणसं गेलेली मी पाहिली आहेत. पण आपलं भांडण चालू होतं. चालू भांडणातून कोणी असं जात नाही.

माणसं भेटायला येतात आणि तू देवमाणूस होतास म्हणतात. मी मान हलवते. देवमाणूस पक्कड पिठाच्या डब्यात ठेवत नाही. देवमाणूस सगळ्यांच्या आधी उठून चुलीवरचं ऊन पाणी एकटाच संपवत नाही. तू साधा माणूस होतास. डोकं चांगलं होतं, पण नको त्या वेळी तुझं तोंड बंद व्हायचं. त्या तोंडाबद्दलच मला बोलायचं आहे.

तू माझ्याकडे राहायला आलास तेव्हा लढाई ऐन जोरात होती. माझे मालक जाऊन दोन वर्षं झाली होती. माझा शंकर पलटणीत होता. घरात मी आणि सून अनुसया, दोघीच. तुझी तारखात्यातली नोकरी संपली होती, बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. कवठे महांकाळला मोटारीतून उतरलास तो एका हातात पत्र्याची ट्रंक आणि खांद्यावर गोणपाटात बांधलेला रेडिओ घेऊन. मी विचारलं, हे काय आणलंस?

"तुझा पोरगा कुठं हाय त्ये सांगणारं पेटारं."

"शंकरचं नाव घेऊन सांगतंय व्हय?"

"नाव न्हाई घेत. लढाई कुठवर आली त्ये सांगतंय. म्होरलं आपुन वळखायचं."

"म्हंजे अर्धंच सांगतंय. तुझं भावंड शोभतंय."

तू हसलास. तुला माझं बोलणं कधी लागलं नाही, आणि म्हणूनच मी तुला जास्त बोलत गेले.

रेडिओ जुना होता. पुढं दोन बटणं होती. एक धड होतं, दुसरं कधीतरी फुटून गेलेलं, तिथं नुसती लोखंडी दांडी बाहेर आलेली. स्टेशन लावायचं ते नेमकं हेच. "करतो कायतरी," असं तू म्हणालास. ते करायला तुला दीड वर्ष लागलं.

गावात वीज नव्हती. रेडिओ बॅटरीवर चालायचा, आणि बॅटरी उतरली की तू ती सांगलीला नेऊन भरून आणायचास. माळवदावर दोन बांबू रोवून तू तार ओढलीस. दुसरी तार भिंतीतून बाहेर काढून परसात खड्ड्यात पुरलीस, आणि त्या खड्ड्यात रोज तांब्याभर पाणी ओतायचं म्हणालास. तिथं आपलं पहिलं वाजलं.

"जमिनीला पानी पाजतोस? हितं माणसाला न्हाई."

"आक्के, कोरड्या वाऱ्याधुळीत त्या वरच्या तारंत ईज साठती. तिला खाली जायाला वाट पायजे. कोरड्या मातीतनं ती जात न्हाई."

"मग बसू दे वरच."

तू आंघोळ अर्ध्या बादलीत उरकायला लागलास आणि उरलेली बादली खड्ड्यात ओतायला लागलास. अंगाला साबण तसाच ठेवून परसात जाणारा म्हातारा गावानं पाहिला आणि हसून घेतलं. मी काही पाणी वाढवून दिलं नाही. आता वाटतं, एक तांब्या दिला असता तर माझी विहीर आटली नसती.

रेडिओ सोप्यात ठेवायचं ठरलं. लाकडी खोक्यावर मी घोंगडं चौघडी करून घातलं आणि त्यावर रेडिओ बसवला. माणसं ऐकायला येणार म्हणून सोपाभर घोंगडी अंथरली. आमच्याकडे आलेल्या माणसाला उघड्या भुईवर बसवत नाहीत. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला सांगितलं होतं, घरात भाकरी कमी पडली तर पडू दे, बसायला घोंगडं कमी पडता कामा नये. जतच्या बाजारातून एकेक करून घेतलेली माझ्याकडे आणखी सात होती, काळीभोर, राठ, दाट विणीची. पहिली चार भुईवर, त्यांच्यावर बाकीची, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना गार लागू नये. संध्याकाळच्या बातम्यांना वीस-पंचवीस माणसं यायची. ज्यांची मुलं पलटणीत गेली होती ते बाप, त्या आया. त्यांतल्या एकालाही मी भुईवर बसू दिलं नाही. मला त्याचा अभिमान होता. अजूनही आहे, म्हणून पुढचं लिहायला जड जातं.

रेडिओ लावायचं काम अनुसयेचं. तू तिला शिकवलंस. शाळेत न गेलेली पोर, पण तिच्या बोटांना अंदाज होता. खरखरीतून माणसाचा आवाज ती असा अलगद बाहेर काढायची, जसा दुधावरून साय काढावी. मला ते जमलं नाही. मला जमत नाही म्हणून तू हसलास तेही मला आठवतं.

दिवस कलला की ती घोंगडी उचलून झटकायची, पुन्हा एकावर एक ओढून सारखी करायची आणि त्यांच्यावरूनच पुढं जाऊन दांडी फिरवायची. त्या साली पाऊस कमी झालेला. थंडी पडली ती नुसती कोरडी. ओठ फुटले, टाचा फुटल्या. अशा एका संध्याकाळी तिनं दांडीला बोट लावलं आणि झटकन मागं सरली.

"काय गं?" मी म्हणाले.

"चावलं, आत्याबाई."

"काय चावलं? विंचू हाय का बघ."

"विंचू न्हाई. ह्यो चावला." तिनं रेडिओकडं बोट केलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. मला नाही, तुला नाही, बसलेल्या कोणाला नाही. फक्त तिला. शेजारची कोंडाबाई तिथं होती. तिचा मुलगा शंकरबरोबरच भरती झालेला, त्यामुळं ती रोज यायची आणि सगळ्यांत पुढं बसायची. ती म्हणाली, "बाकी कुणाला काय न्हाई आन् हिलाच कसं? पोरीच्या हातात कायतरी हाय."

मी तिला गप्प केलं. पण बोललेलं अनुसयेच्या कानात गेलं होतं.

तू दोन दिवस रेडिओ उलटापालटा करून बसलास. बॅटरीतनं गळती आहे म्हणालास, तारा बदलल्यास. शेवटी बॅटरीच सोडवून बाहेर अंगणात नेऊन ठेवलीस, वरची तार काढलीस आणि अनुसयेला म्हणालास, आता लाव हात. तिनं लावला आणि तिला झटका बसला. मला वाटलं तू घाबरशील. तू मांडीवर थाप मारलीस आणि म्हणालास, "म्हंजे रेडिओ बिचारा साव हाय."

मग ती दुपार. अनुसया रानात गेली होती. तू मला सोप्यात बोलावलंस आणि दार लोटून अंधार केलास. घोंगड्यावर उभा राहिलास, दुसरं घोंगडं अंगाला घासून जोरात झटकलंस. बारीक तडतड ऐकू आली, तव्यावर मोहरी पडावी तशी. तुझ्या दंडावरचे पांढरे केस उभे राहिले. कापसाचा पुंजका हाताजवळ नेलास तर तो चिकटला. मग बोट दांडीजवळ नेलंस आणि निळी ठिणगी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

"लोकर अंगाला, लुगड्याला घासली की ईज तयार हुती," तू म्हणालास. "भुईवर पाय असला तर ती गुमान जमिनीत जाती. घोंगड्यावर उभं ऱ्हायलं की तिला वाट न्हाई. अंगातच बसती. मग लोखंड दिसलं की उडी मारती. बाकीची माणसं नुसती बसत्यात, ती झटकती, वडती आन् वरनं लोखंडाला हात लावती. म्हणून तिलाच."

"मग काय करायचं?"

"काय न्हाई. रेडिओखालचं घोंगडं काढ. खोक्याम्होरं दोन हात भुई मोकळी ठेव, सारवलेली. तिथं पाय ठिवून हात लावला की झालं. आन् झटकायचं काम भाईर अंगणात."

महादू, एवढंच होतं. दोन हात जागा. पण रेडिओपुढची जागा मानाची, तिथं गावातली जुनी माणसं बसायची. मी म्हणाले, "त्यास्नी भुईवर बसवू? माझ्या घोंगड्यावर चार गावची माणसं बसून गेली. कुणाला काय झालं न्हाई. तुझ्या पेटाऱ्यात खोट हाय ती माझ्या घोंगड्यावर घालू नगंस. ह्या घरात परत ह्ये नाव काढायचं न्हाई."

तू हातातलं घोंगडं जागच्या जागी अंथरलंस. तुला मी कधी दोष देत नाही अशातली गोष्ट नाही. इथं देते. मी आडमुठी, हे तुला लहानपणापासून माहीत. तू दोनदा बोलायचं, तीनदा बोलायचं. मी ओरडले असते, पाणी प्यायले असते आणि चौथ्या दिवशी घोंगडं मीच सरकवलं असतं, तू बघत नसताना. पण तू एकदा बोललास आणि मोकळा झालास.

त्याच संध्याकाळी तू अनुसयेला म्हणालास, "पोरी, ह्येला हात लावायच्या आदी त्या कडंला जाऊन वाकायचं आन् भुईला हात टेकायचा. उघड्या भुईला. मग सरळ यायचं आन् लावायचं."

"का वं मामा?"

तू माझ्याकडं पाहिलंस. मी जोंधळे निवडत होते. मी मान वर केली नाही.

"असंच," तू म्हणालास. "टेकवत जा."

त्या एका शब्दाचा मला आजही राग येतो. खरं सांगितलं असतंस तर माझ्या घोंगड्याचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि तू बहिणीचा मान राखलास. कोणी सांगितलं होतं राखायला? तिनं वाकून भुईला हात टेकवला, मग दांडीला लावला, आणि खरंच झटका बसला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. आता आपल्या पोरीनं यातून काय काढावं? वाकून हात टेकवणं म्हणजे नमस्कार. नमस्कार केला की चावत नाही, नाही केला की चावतो. आठ दिवसांत रेडिओला हळदकुंकू लागलं. तू ते पाहिलंस आणि हसलास. "लागू दे की," म्हणालास, "गंजत न्हाई." तुझा उपाय अगदी बरोबर होता आणि त्यानंच घाण करून ठेवली.

कोंडाबाईही मग लांबून हात जोडायला लागली. बातम्या ऐकण्याआधी बायका शंकरचं आणि आपापल्या मुलांचं नाव मनात घ्यायच्या. माझ्या सोप्यात मी एक नवा देव बसवून घेतला होता आणि मला ते दिसत असून मी जोंधळे निवडत होते.

पुढच्या थंडीत तो दिवस आला. शेजारच्या गावची माणसं बातम्यांना आली होती. मी हौसेनं सातही घोंगडी भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरली. कडेला बोटभर भुई राहिली नाही. अनुसया वाकायला गेली तर तिथं माणसं बसलेली. बातम्यांची वेळ झाली, कोणीतरी म्हणालं, लाव की गं पोरी. तिनं तसाच हात लावला. झटका असा बसला की ती ओरडली आणि सगळ्या सोप्यानं पाहिलं.

"आज वाकली न्हाई," कोंडाबाई म्हणाली.

पाचव्या दिवशी शंकरचं पत्र आलं. इटलीत पायात लोखंडाचे तुकडे शिरले, दवाखान्यात आहे, काळजी करू नये.

पत्र तूच वाचलंस. तू तारीख दाखवून अनुसयेला समजावलंस की त्याला लागलं ते तुला झटका बसायच्या कितीतरी आधी. ती म्हणाली, "तवाबी कवातरी मी नीट वाकली नसंन." यावरचं उत्तर माझ्याकडं होतं. माझं उत्तर सोप्यात भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरलेलं होतं.

त्यानंतर तू बाभळीच्या लाकडाचं बटण कोरून त्या दांडीवर घट्ट बसवलंस, म्हणजे लोखंडाला हातच लागू नये. सुरेख केलं होतंस. दीड वर्ष आधी केलं असतंस तर? मी तुला तेव्हाही हे विचारलं आणि तू म्हणालास, "तू दोन हात भुई दिली आसतीस तर?" आपण दोघं सारखेच. दोघांनाही वेळ गेल्यावर हुशारी सुचते.

अनुसयेनं पुन्हा रेडिओला हात लावला नाही. एवढ्यावर थांबलं असतं तर मी म्हटलं असतं, जाऊ दे, रेडिओच आहे. पण ती कशालाच पहिला हात लावेना. पेरणीला बियाण्याची पहिली मूठ घरच्या सुनेनं भरायची, ती तिनं माझ्या हातात दिली. कोंडाबाईच्या नातीच्या बारशाला ती पाळण्यापासून चार हात लांब उभी राहिली, आणि कोणी तिला जवळ बोलावलं नाही, तेही तिनं पाहिलं. तू त्या संध्याकाळी बातम्यांना आलेल्या सगळ्या बायकांसमोर मुद्दाम रेडिओला हात लावून खोटंच "मेलो मेलो" केलंस, म्हणजे तो कोणालाही चावतो असं दिसावं. सगळ्या हसल्या. तुला कोणी कधी खरं धरलं नाही, हा तुझ्या थट्टेखोरपणाचा तोटा.

मग लढाई संपली आणि शंकर आला. कुबडी घेऊन आला. गुडघा वाकेना. डॉक्टरांनी दिवसातून दोन वेळा तेल लावून पाय चोळायला सांगितलं. अनुसया त्याला जेवायला वाढायची, पाणी द्यायची, धोतर धुवायची. ताट ठेवून मागं व्हायची. पायाला हात लावायची नाही. मी तेलाची वाटी घेऊन बसले.

तू दर आठ दिवसांनी विचारायचास. मी चुलीपाशी एकटी सापडले की आलाच.

"आक्के, सांगितलंस का तिला?"

"सांगीन."

"कवा?"

"तूच सांग की. तुझ्या तोंडाला काय झालंय?"

"म्या सांगितलं की तिला वाटतंय मामा समजूत काढतोय. दोनदा सांगून बघितलं. नुसती मान हलवती. तू कवा कुणाची समजूत काढली न्हाईस. तू सांगितलंस तर तिला खरं वाटंल."

याच्यासारखं खरं माझ्याबद्दल कोणी बोललं नाही. मी त्यावर तुला चुलीपुढून हाकललं.

आता जे सांगते ते तुला माहीत होतं की नाही, मला ठाऊक नाही. आधी मी घोंगड्याच्या अभिमानापायी गप्प बसले, हे खरं. पण शंकर आल्यावरचं वर्ष त्यासाठी नव्हतं. महादू, मला बरं वाटत होतं. पोरगा चार वर्षांनी घरी आला होता आणि त्याचा पाय माझ्या मांडीवर होता. लहान असताना मी त्याला पायांवर घेऊन तेल लावायची, तसा. सून त्याच्याजवळ गेली असती तर मला उठावं लागलं असतं. मी उठले नाही.

एके दिवशी पाय चोळताना तो मला म्हणाला, "आये, अनुसयेला माझ्या पायाची किळस येती का?"

मी म्हणाले, "येळ लागंल तिला."

किळस येत नाही, असं मी म्हणाले नाही. एवढ्या मोठ्या आयुष्यात मी पुष्कळ फटकळ बोलले आहे, त्यातल्या कशाची मला लाज नाही. ह्या तीन शब्दांची आहे.

ताप आला त्या दिवशी दुपारी तू मला खाटेजवळ बोलावलंस. अंग भाजत होतं. म्हणालास, "आक्के, तू तिला सांगितलं न्हाईस, तर म्या..." आणि खोकला आला. मी पाणी दिलं. तू प्यालास आणि डोळे मिटलेस. मी वाट पाहत बसले. तर मी काय? सांगणार होतास? शंकरला सांगणार होतास? की नेहमीसारखं "तर म्या तुझ्याशी बोलणार न्हाई," असं पोरकट काहीतरी? दुसऱ्या दिवशी तू कोणाला ओळखत नव्हतास. रोज सकाळी उठल्यावर मी ते वाक्य घेऊन बसते. कसंही पुरं केलं तरी शेवट माझ्यावरच येतो.

तुझं सगळं उरकलं. पाहुणे गेले. हवा अजून कोरडीच आहे. काल दुपारी मी अनुसयेला सोप्यात बोलावलं. शंकर खाटेवर होता, त्याला म्हणाले, तूही बघ. दार लावलं. तुझं लाकडी बटण उपसून काढलं. बॅटरी नव्हतीच, उतरून पडली आहे. घोंगड्यावर उभी राहिले, दुसरं घोंगडं लुगड्याला खसाखसा घासलं, झटकलं आणि बोट दांडीला लावलं.

काहीच झालं नाही.

ती दोघं माझ्याकडं बघत होती. म्हातारीला भावाच्या दुःखानं काहीतरी झालंय, असं त्यांना वाटलं असणार. तुझा इतका राग आला मला. तू दाखवलंस तेव्हा पहिल्या फटक्यात ठिणगी उडाली होती. मग खाली पाहिलं तर माझी एक टाच घोंगड्याबाहेर भुईवर होती. पाय आत घेतला, पुन्हा घासलं, पुन्हा झटकलं. या वेळी निळी ठिणगी सगळ्यांनी पाहिली, आणि बोटात अशी कळ गेली की तोंडातून शिवी गेली.

"बघ," मी म्हणाले. "माझ्या हाताला चावलं. माझ्या हातात काय हाय? घोंगडं हाय. तुझ्याबी हातात तेवढंच हुतं. भुईला हात टेकला की ती ईज जमिनीत जाती, म्हणून चावत न्हवतं. नमस्काराचा काय संबंध न्हाई."

अनुसया पुढं आली. तिनं मला बाजूला केलं, घोंगडं घेतलं, घासलं, हात लावला. झटका बसला. मग भुईला हात टेकवून आली आणि लावला. काही नाही. पुन्हा घासलं, या वेळी वाकली नाही, हात जोडले नाहीत, नुसता अंगठा भुईवर टेकवला आणि हात लावला. काही नाही. नवं नाणं दगडावर वाजवून घ्यावं तसं तिनं चार-पाच वेळा करून पाहिलं. मग माझ्याकडं वळली.

"तुमाला कवापास्नं ठावं हाय?"

"पयल्या थंडीपास्नं. मामानं दावलं हुतं."

"म्हंजे ह्येंचं पत्र यायच्या आदी?"

"आदी."

"आन् मी एवढी वर्सं..." ती थांबली.

"व्हय," मी म्हणाले.

शंकर माझ्याकडं बघत होता, आणि मी त्याला दिलेलं उत्तर त्याला आठवत होतं हे मला दिसत होतं. अनुसयेनं घोंगड्याची घडी घातली, शांतपणे, कोपऱ्याला कोपरा जुळवून, आणि बाहेर निघून गेली. मी म्हटलं, चूक झाली. ते मी रिकाम्या दाराला म्हटलं. तुझ्यासारखंच झालं माझं, बोलायचं ते वेळेवर निघालं नाही.

संध्याकाळी मी वाटीत तेल कोमट करून शंकरच्या खाटेपाशी बसले. अनुसया आतून आली. माझ्या हातातली वाटी घेतली.

"सरा, आत्याबाई."

मी सरले. ती खाली बसली आणि तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो दचकला. तिचा हात तिथंच राहिला. मी आत निघून आले, कारण तिथं माझं काम नव्हतं.

तुझं बरोबर होतं. तुझ्या हयातीत हे मी एकदाही म्हटलं नाही, आणि तुला ते ऐकायची फार हौस होती हेही मला माहीत होतं. तू माझं नाव तिला सांगितलं नाहीस याबद्दल तुझे उपकार मानू की तुला शिव्या देऊ, याचा निकाल अजून माझ्या मनात लागत नाही. सकाळी एक वाटतं, दुपारी दुसरं.

अनुसया माझ्याशी कामापुरतं बोलते. तिनं माफ केलेलं नाही, आणि मी तिच्या जागी असते तर मीही केलं नसतं. तू असतास तर मध्ये पडला असतास आणि मी तुला पडू दिलं नसतं. आज सकाळीही तेल तिनंच लावलं. मला हाक मारली नाही. हात रिकामे होते, म्हणून शंकरची वही मागून घेतली आणि हे लिहिलं.